एल्कच्या रानात रस्ता सोडून घुसणाऱ्या गाड्या: शिकाऱ्याने नेमकं काय करायचं?

डेन्व्हरला राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "यंदा पहिल्यांदाच एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला गेलो. नॅशनल फॉरेस्टमध्ये अंधारात दोन तास चढून एका गवताळ खोऱ्याच्या कडेला बसलो. उजाडताना कळप दिसला. तेवढ्यात दोन साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसनांच्या, रानात चालणाऱ्या छोट्या) गाड्या, रस्ता नसताना, थेट गवतातून आल्या आणि कळप क्षणात झाडीत गेला. हे कायदेशीर आहे का? अशांना अडवायचं का? आणि पुढच्या हंगामात हे टाळायचं कसं?"

मी कोलोराडोच्या पश्चिम भागात राहतो, बरीच वर्षं धनुष्याने आणि रायफलने एल्कची शिकार करतो आणि नव्या शिकाऱ्यांना शिकवतो. हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. तुमचा संताप रास्त आहे आणि मलाही तो तितकाच येतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. तुम्ही सांगता तसंच घडलं असेल तर ते जवळपास नक्कीच बेकायदा होतं. आणि अडवायला जायचं नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या हातात बंदूक असते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

आधी कायदा. सरकारी जमिनीवर रस्ता सोडून गाडी चालवण्याला आवर घालायला हवा, हे अमेरिकेने फार पूर्वी मान्य केलं. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कार्यकारी आदेश ११६४४ काढला. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.) गाड्यांसाठीच्या वाटा ठरवताना माती, पाणलोट आणि झाडोऱ्याचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि जमीन वापरणाऱ्या इतरांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील असं पाहा, असं त्यात सांगितलं होतं. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला जोड दिली: जिथे मोठं नुकसान होतंय ती जागा तात्काळ बंद करा. आदेश चांगले होते, पण जमिनीवर पुढची तीस वर्षं फारसं काही हललं नाही. गाड्या मात्र वाढत गेल्या. राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसनेच दिलेले आकडे सांगतात की अशी वाहनं वापरणारे लोक १९७२ मध्ये ५० लाख होते, ते २००० पर्यंत ३ कोटी ६० लाखांवर गेले. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय वनांपुढचे चार मोठे धोके सांगितले, त्यात वणवे, परकी वनस्पती आणि मोकळ्या जमिनींचा ऱ्हास यांच्या बरोबरीने बेशिस्त पर्यटन होतं, आणि त्यातही त्यांचा मुख्य रोख या गाड्यांवर होता. त्यातून २००५ चा नियम आला आणि प्रत्येक वनाला आपला मोटार व्हेइकल यूज मॅप काढावा लागला. सगळे त्याला एमव्हीयूएम म्हणतात.

हा नकाशा दिसायला अगदी रुक्ष आहे. काळा-पांढरा, ना उंचीच्या रेषा, ना झाडीचा रंग. पण कायद्याच्या दृष्टीने तोच अंतिम. लोक इथेच फसतात. जमिनीवर वाट दिसतेय, फाटक नाही, बंदीची पाटी नाही, म्हणजे ती खुली असणार असं त्यांना वाटतं. तसं नसतं. जी वाट नकाशावर नाही ती बंद, पाटी असो वा नसो. वाट नकाशावर असली तरी शेजारचा तक्ता वाचावा लागतो. काही वाटा फक्त ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी असतात, आणि हल्लीच्या कित्येक साइड-बाय-साइड त्याहून रुंद असतात. काही वाटा ठरावीक तारखांपुरत्याच खुल्या असतात. नकाशा फुकट मिळतो आणि अव्हेन्झासारख्या अॅपमध्ये उतरवून घेतला की मोबाइलची रेंज नसतानाही आपण कुठे उभे आहोत ते त्यावर दिसतं. शिकारीला जाताना तो फोनमध्ये असायलाच हवा. बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या दुसऱ्या सरकारी खात्याच्या जमिनीवर हा नकाशा चालत नाही. त्यांचे प्रवास-आराखडे वेगळे असतात, आणि काही क्षेत्रं मोकळं फिरायला खुली, काही ठरलेल्या वाटांपुरती, तर काही पूर्ण बंद अशी वर्गवारी असते. वाइल्डरनेस म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात तर १९६४ च्या कायद्याने कुठलंच वाहन चालत नाही. मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही.

शिक्षेचं म्हणाल तर नॅशनल फॉरेस्टमध्ये ठरलेली वाट सोडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात दंड याहून बराच कमी होतो. शिकाऱ्याला खरी झळ लागते ती लायसन्सवर चढणाऱ्या दंड-गुणांची. कोलोराडोत पाच वर्षांत असे २० गुण झाले की शिकारीचा हक्क निलंबित होऊ शकतो. वाहनाने प्राण्यांचा पाठलाग करणं किंवा त्यांना हुसकावणं हा तर स्वतंत्र गुन्हा. आणखी एक नियम अनेक एटीव्हीवाले (रानात चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या वापरणारे) विसरतात: कोलोराडोत अशा गाडीवर रायफल पूर्ण रिकामी आणि बंद कव्हरमध्येच हवी. मांडीवर आडवी टाकलेली रायफल दिसली, तर तेवढ्यावरही कारवाई होते.

एखादी गाडी जाण्याने एवढं काय बिघडतं, असं माझे शिकारीला न जाणारे मित्र विचारतात. याचं उत्तर ओरेगनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात मिळतं. ला ग्रँड गावाजवळ सुमारे ४० चौरस मैलांचं रान १९८७ पासून उंच कुंपणाने बंदिस्त केलेलं आहे, आणि आतल्या एल्क व म्यूल डिअर हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या जातात. संशोधकांनी तिथे एटीव्ही, डोंगरी सायकल, पायी चालणारे आणि घोडेस्वार असे चारही प्रकार पाळीपाळीने फिरवले आणि प्राणी काय करतात ते पाहिलं. एल्क चौघांनाही टाळत होते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण आपण पायी जातो म्हणजे आपला त्रास शून्य असं कुणी समजू नये. पण सर्वांत मोठा परिणाम एटीव्हीचा होता. चरण्याचा वेळ घटला आणि चालणं वाढलं. गाडी एका सकाळीत पायी माणसापेक्षा कितीतरी जास्त रान ढवळते, हे त्यामागचं एक साधं कारण. हिवाळा तोंडावर असताना, अंगावर चरबी चढवायच्या दिवसांत, अशी रोजची पळापळ मादीला आणि पाडसाला परवडत नाही.

त्याही आधी, १९८३ मध्ये, मोंटानातल्या जॅक लायन यांनी रस्ते आणि एल्क यांचं गणित मांडलं होतं. दर चौरस मैलामागे एक मैल वापरता रस्ता असेल तर त्या रानाची एल्कसाठीची उपयुक्तता किमान २५ टक्क्यांनी घटते आणि दोन मैल असतील तर किमान ५० टक्क्यांनी. झाडं तीच, गवत तेच, पाणी तेच, पण एल्कच्या लेखी अर्धं रान गेलेलं असतं. आता विचार करा, नकाशावर नसलेल्या वाटा याच गणितात मिळवल्या तर काय होईल.

यावर कुणी म्हणेल, एस्टेस पार्क गावातल्या गोल्फ मैदानावर एल्क गाड्यांच्या शेजारी निवांत चरतात की! चरतात, कारण तिथल्या गाड्या रस्ता सोडत नाहीत आणि त्यातून कुणी बंदूक घेऊन उतरत नाही. शिकारीच्या रानातला एल्क इंजिनाचा आवाज आणि बंदूक यांचा संबंध एका हंगामात शिकतो. मग तो जिथे गाडी पोचत नाही तिथे सरकतो. बऱ्याचदा ती जागा म्हणजे खालच्या खाजगी रँचची कुरणं. आपण सार्वजनिक जमिनीवर टॅग (शिकारीचा परवाना) घेऊन बसतो आणि कळप काटेरी तारेपलीकडे, कुणाच्या तरी अल्फाल्फात, म्हणजे चाऱ्याच्या पिकात. रँचवाला वैतागतो, कारण त्याचा चारा संपतो. वन्यजीव खातं वैतागतं, कारण मादींची संख्या आटोक्यात ठेवायला जेवढी शिकार व्हायला हवी तेवढी होत नाही. सार्वजनिक जमिनीवर शिकार करणारा साधा माणूस, ज्याच्याकडे रँचवर जायला हजारो डॉलर नाहीत, तो रिकाम्या हाताने घरी जातो. एल्क कुणाला मिळणार हे गाडीच्या वाटेवर ठरतं, आणि म्हणूनच शिकारी या विषयावर एवढे चिडतात.

आणि जमिनीचं काय होतं ते एकदा वाकून बघा. ग्रँड मेसावर किंवा गनिसनच्या खोऱ्यात बर्फ वितळल्यावर ओल्या कुरणांत काळी, स्पंजासारखी माती असते आणि तिच्यावर सेज नावाचं लव्हाळ्यासारखं दाट गवत. त्यातून एक जड गाडी गेली की हातभर रुंदीच्या दोन चऱ्या पडतात. पहिल्या दिवशी त्या फक्त चिखलाच्या दिसतात. पण कुरणात पसरून हळूहळू मुरणारं पाणी आता त्या चऱ्यांतून उताराला धावू लागतं. चरी खोल होते, तिच्या खालच्या टोकाला माती ढासळून छोटा कडा तयार होतो आणि तो दर पावसात वर सरकतो. दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी खाली जाते. सेज पिवळं पडतं आणि त्या जागी कोरड्या जमिनीचं खुरटं गवत येतं. ज्या कुरणात ऑगस्टमध्येही बूट ओले व्हायचे, तिथे धूळ उडू लागते. हे सगळं एका माणसाच्या पाच मिनिटांच्या मौजेतून सुरू झालेलं असतं. दहा हजार फुटांवर झाडं वाढण्याचा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे ती जखम माणसाच्या आयुष्यात भरून येईलच असं नाही.

दुसरं संकट म्हणजे वाट वाटेला जन्म देते. पहिला जातो तेव्हा गवत दबतं. दुसरा ते दबलेलं गवत पाहून जातो. तिसऱ्या वर्षी ती उपग्रहाच्या चित्रात दिसू लागते, कुणीतरी आपला ट्रॅक अॅपवर टाकतं, आणि चौथ्या वर्षी लोक सभेत उठून सांगतात की आम्ही इथून पूर्वापार जातो, ही वाट बंद कशी करता! म्हणून पहिल्या वर्षीच कळवणं महत्त्वाचं. चौथ्या वर्षी उशीर झालेला असतो.

आता एक गोष्ट जी शिकाऱ्यांच्या बैठकीत मी बोलतो आणि ती अनेकांना आवडत नाही. हंगामात रस्ता सोडून येणाऱ्या गाड्यांतली बरीच माणसं नारिंगी जॅकेट घातलेली असतात. ती आपलीच, म्हणजे शिकारी माणसं आहेत. उन्हाळ्यात मौजेसाठी फिरणाऱ्यांना दोष देऊन आपण मोकळं होऊ शकत नाही. टेलर पार्क किंवा लेक सिटीजवळचा अल्पाइन लूप इथे नियमाने, ठरलेल्या वाटांवर फिरणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. गुडघे गेलेल्या, वय झालेल्या शिकाऱ्यांना खुल्या वाटा मिळायलाच हव्यात, आणि अपंग शिकाऱ्यांसाठी खात्याच्या वेगळ्या सवलती आहेत त्याही योग्यच. माझं भांडण आहे ते धडधाकट माणसाशी, जो अर्धा मैल चालायचा कंटाळा करतो आणि वर सांगतो की मांस खराब झालं असतं.

या सबबीचा समाचार घ्यायलाच हवा, कारण नवे शिकारीही तिला बळी पडतात. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण ९० ते ११० किलो भरतं. एका माणसाच्या पाठीवर ३० किलो धरले तर तीन-चार फेऱ्या. अवघड आहे, अशक्य नाही. मांस खराब होतं ते उष्णतेने, अंतराने नाही. प्राणी पडल्यावर पहिल्या तासात कातडं उतरवायचं, चारही फऱ्या वेगळ्या करायच्या, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल अशा फांदीला टांगायच्या. लिंगाचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या चिकटलेला राहू द्यायचा, तो कायदाच आहे. सप्टेंबरच्या रात्री तिथे कडाक्याच्या थंडीच्या असतात. असं टांगलेलं मांस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निर्धास्त टिकतं. पाठीत ताकद नसेल तर जाण्याआधीच घोडे किंवा खेचरं घेऊन येणाऱ्या, फॉरेस्ट सर्व्हिसची परवानगी असलेल्या पॅकरशी बोलून ठेवा. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर तेवढ्या आत जाऊन गोळी चालवू नका. काही वनांत मारलेलं जनावर आणण्यापुरती ठरावीक अंतरापर्यंत रस्ता सोडायची मुभा असते, पण ती नकाशावर स्पष्ट लिहिलेली असेल तरच. अनेक वनांत ती अजिबात नाही. आयडाहोने आणखी पुढे जाऊन काही विभागांत शिकारीसाठी गाडीचा वापर पूर्ण आकाराची मोटार जाऊ शकेल अशा रस्त्यांपुरताच ठेवला आहे. मला तो नियम फार आवडतो. आणि हो, ई-बाइक म्हणजे सायकल असं समजून बंद वाटेवर नेऊ नका. फॉरेस्ट सर्व्हिस तिला मोटार-वाहनच मानते.

पुन्हा असं दिसलं तर काय करायचं? बसल्या जागेवरून फोटो काढा, शक्यतो चाकं आणि चऱ्या एकाच चौकटीत येतील असा. वेळ आणि अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. गाडीवरचा नोंदणीचा स्टिकर लांबून वाचता येत नाही, म्हणून गाडीचा रंग, छपराचा आकार, मागे काय बांधलंय, किती जण होते हे लिहा. मग परतताना ट्रेलहेडवर, म्हणजे वाट जिथून सुरू होते तिथे, थांबा. त्या गाड्या कुठल्यातरी ट्रेलरवरून उतरल्यात आणि त्या ट्रेलरला, ओढणाऱ्या ट्रकला नंबरप्लेट असते. ती प्लेट हाती लागली की तक्रारीला वजन येतं. बेकायदा गाडीची तक्रार फॉरेस्ट सर्व्हिसच्या रेंजर कार्यालयाकडे करा. प्राणी हुसकावले किंवा गाडीवरून गोळी झाडली असेल तर कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या ऑपरेशन गेम थीफ या तक्रार-योजनेकडे. तिथे नाव न सांगता कळवता येतं. धमकी दिली, बंदूक रोखली तर थेट शेरीफ. एकेका अधिकाऱ्याकडे लाखो एकर असतात, त्यामुळे कुणी लगेच धावत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण एकाच जागेच्या तीन-चार तक्रारी आल्या की पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिथे माणूस उभा राहतो, हे मी पाहिलंय. बॅककंट्री हंटर्स अँड अँग्लर्स या शिकाऱ्यांच्या संघटनेने तर अशी माहिती देणाऱ्यांसाठी बक्षीसही ठेवलं होतं.

स्वतः ओंडके टाकून वाट बंद करायला जाऊ नका. रेंजर कार्यालयाला विचारून स्वयंसेवकांच्या तुकडीत सामील व्हा. हे काम करताना कळतं की सगळी वाट बुजवावी लागत नाही. कायदेशीर रस्त्यावरून नजरेला पडणारा पहिला शंभर-दीडशे फुटांचा तुकडा नांगरून, पडलेली झाडं आणि मोठे दगड आडवे टाकून, गवताचं बी पेरून रानासारखा केला की पुरतं. वाट दिसलीच नाही तर तिच्यावर कुणी वळत नाही.

पुढच्या हंगामाची तयारी हिवाळ्यातच करा. मोंटानातल्या जीवशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एल्कच्या सुरक्षित आसऱ्याचा एक ढोबळ नियम मांडला: किमान २५० एकरांचा सलग झाडीचा तुकडा, खुल्या रस्त्यापासून निदान अर्धा मैल आत, आणि असे तुकडे मिळून त्या भागाच्या किमान ३० टक्के. मी तोच नियम शिकारीसाठी वापरतो. एमव्हीयूएमवरच्या प्रत्येक खुल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मैलाचा पट्टा रंगवा. मग उपग्रहाच्या चित्रात दिसणाऱ्या बेकायदा वाटांभोवतीही तोच पट्टा काढा. उरलेल्या पांढऱ्या जागांपैकी ज्यांत उत्तर उताराची दाट झाडी आणि पाणी आहे, त्या तुमच्या. दोन पांढऱ्या जागांना जोडणारी खिंड दिसली तर शनिवारी सकाळी तिथे उजाडायच्या तासभर आधी बसा, कारण गाड्या सुरू झाल्या की कळप तिकडूनच सरकतो. ज्या खोऱ्यात तुमचा कळप उधळला तिथेही तो परत येऊ शकतो, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी ओसरल्यावर. रजा त्या हिशेबाने टाका.

शेवटचं काम कागदाचं आहे आणि शिकारी ते टाळतात. वनाचा प्रवास-आराखडा बदलायचा असतो तेव्हा लोकांकडून लेखी मतं मागवली जातात. गाड्यांच्या संघटना त्या वेळी शेकड्यांनी पत्रं पाठवतात. शिकाऱ्यांची पत्रं त्या मानाने थोडी असतात. ठरल्या मुदतीत मत दिलं नसेल तर नंतर हरकत घेण्याचा हक्कही सहसा राहत नाही. तुमच्या भागाच्या रेंजर कार्यालयाच्या यादीत आजच ईमेल नोंदवा. पत्रात "गाड्या बंद करा" एवढंच लिहून उपयोग नाही. कुठली वाट, तिचा क्रमांक, कुठल्या कुरणातून जाते, तिथे कुठल्या महिन्यात एल्क पाहिले, चऱ्या किती खोल आहेत, आणि ती कुठल्या तारखांदरम्यान बंद हवी, हे लिहा. सोबत तुमचे फोटो जोडा. मुदत चालू असेल आणि मसुदा तयार असेल तर मला पाठवा, मी वाचून सुधारणा सुचवीन.